तेरा दिवसांचे चिंचोके

१० जानेवारी १९६६, श्रीवर्धन

खोली मिळाली. सुपारीच्या वाडीच्या कडेला, सोनूबाई नावाच्या म्हातारीची. दार वेगळं आहे, विहीर जवळ आहे, सायकल आत घेता येते. सोनूबाईने विचारलं, "काम काय तुमचं?" म्हटलं, आरोग्य खातं. "म्हणजे देवी टोचणारे?" म्हटलं, नाही, महारोग शोधणारे. ती दोन पावलं मागे सरकली. मग म्हणाली, "शोधा बापडे. पण शोधून घरी आणू नका."

प्रशिक्षणात डॉक्टर म्हणाले होते की नोंदवही सरकारची, तिच्यात सापडलं तेवढंच लिहायचं. वाटलं ते लिहायला आपली एक वही ठेवावी, नाहीतर माणूस या कामात दगड होतो. म्हणून ही वही.

एकतीस मार्चपर्यंत चार गावं, चार हजारांवर माणसं. प्रत्येकाचं अंग पाहायचं. चट्टा असेल तर तिथे पीस फिरवायचं, टाचणी टोचायची, मग कोपराच्या मागची शीर, म्हणजे मज्जातंतू, चाचपायची. वेळेत झालं तर नोकरी कायम होण्याचा संभव आहे. नोकरी कायम होणार असं नुसतं दिसलं तरी नलूचे वडील मे महिन्यात आमचं लग्न उरकून देतील. त्यांनी तसं बाबांना उरणच्या बाजारात बोलून दाखवलं.

१९ जानेवारी

कामाची एक युक्ती काढली. घरांच्या दारावर आपण खडूने आकडा घालतोच. ज्या घरात रोगी सापडेल त्या आकड्याभोवती एक गोल काढायचा. गोळ्या वाटायला गेलं की नोंदवही उघडून शोधत बसावं लागत नाही, नुसती गल्लीवरून नजर टाकली की झालं. यात निदान दहा-अकरा दिवस वाचतील. वरच्यांना कळवीन.

सायकल वाळूतून रेटून उजव्या हाताला मुंग्या येतात. दांडीचं रबर बदललं पाहिजे.

११ फेब्रुवारी

आज कोळीवाड्यात व्याख्यान. मासळी सुकवायच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली, बायका जास्त. पोस्टरं आहेत, पण ती कोणी बघत नाही. म्हणून ठमाबाई नावाच्या बाईच्या घरून सुपलीभर चिंचोके मागवले.

सांगितलं, पटकीचा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दिवेलागणीला पोटात एक गेला तर पहाटेपर्यंत शंभर कोटी. म्हणून पटकी एका रात्रीत माणूस नेते. आमचा जंतू तसा नाही. तो सगळ्या जंतूंत आळशी. परदेशात उंदराच्या पावलात वाढवून पाहिला, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-तेरा दिवस लागतात. मग एक चिंचोका ठेवला. तेरा दिवसांनी दोन, अजून तेरा दिवसांनी चार, आठ, सोळा. बायका मोजायला लागल्या. दोनशे छप्पनला सुपली संपली.

विठोबा तांडेल म्हणाला, "दर तेराव्याला? मंग जेवन पन घालता का काय त्यान्ला?" सगळे हसले. मीही हसलो. व्याख्यानात हसू आलं की गोष्ट डोक्यात राहते.

सांगितलं, म्हणूनच हा रोग पाच-पाच, दहा-दहा वर्षं गप्प राहतो. लहानपणी शिरला तर जवानीत दिसतो. लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर शीर मरते आणि बोटं वाकतात. मेलेली शीर आपण उठवू शकत नाही.

ठमाबाईची मुलगी केसर पुढेच बसली होती. तिने विचारलं, "आनी तो हाय ह्ये ज्याचं त्याला कळतं का?" म्हटलं, बहुतेक वेळा दुसऱ्यालाच आधी कळतं. प्रश्न चांगला होता, म्हणून लिहून ठेवला.

१६ फेब्रुवारी

कोळीवाडा, घर क्रमांक ४१. केसर, वय अठरा. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फिकट चट्टा.

तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. चट्टा त्यांच्या खाली. म्हटलं, उजव्या हातातल्या काढ. शेजारच्या चार बायका बघत होत्या. ठमाबाई म्हणाली, "सायेब, आज नको. पोरीचं लगीन हाय चैत्रात." मला अर्थ लागला नाही. सरकारी काम आहे, म्हटलं, सगळ्यांचं असंच बघतो. केसरने एकेक काढली. दोन निघेनात, त्या मीच वाढवल्या. मग टाचणी. डोळे मिटायला सांगून सात वेळा टोचली, ती म्हणाली तीन. शीर किंचित जाड. नवी केस, सुरुवातीची.

सोनूबाईने आता सांगितलं की इथल्या कोळणी लग्नात उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या दर्याला देतात. नवरा दर्यात जातो, म्हणून. मुलीचा उजवा हात त्याच दिवशी मोकळा व्हायचा. "तुम्ही तो आधीच मोकळा केलात," म्हणाली. असल्या समजुती सांभाळत बसलो तर चार हजार माणसं जून उजाडेपर्यंत संपणार नाहीत.

दारावर ४१ भोवती गोल काढला.

१ मार्च

केसरचं लग्न मोडलं. दिघीचा हरेश्वर नावाचा मुलगा होता, घरची होडी असलेला. त्याचा बाप शिमग्याचं बोलायला आला, दारावरचा गोल पाहून दारातूनच परतला. पाणीही घेतलं नाही. गावात आता गोलाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

वाईट वाटलं. पण नीट विचार केला तर लग्नाआधी कळलं हे बरंच झालं. नंतर कळलं असतं तर त्या मुलाची फसवणूक झाली असती. ठमाबाईलाही हेच सांगितलं. केसर आतून सगळं ऐकत होती.

१४ मार्च

कोळीवाड्यातले गोल पुसले जाऊन काही राहिले नाहीत, वाऱ्याने आणि हातांनी. फक्त ४१ चा आहे. कोणीतरी तो डांबराने पक्का केला आहे, होडीला लावतात त्या डांबराने. कोणी केला ते कोणी सांगत नाही.

बाजारात केसरच्या पाटीतली मासळी कोणी घेत नाही. ती आता पहाटे एकटी खडकावर कालवं फोडायला जाते. सोनूबाईच्या वाडीवरूनच तिची वाट आहे. मासळी खारवून ठमाबाई लांबच्या बाजारात विकते, जिथे कोणी ओळखत नाही.

अक्षर बिघडत चाललं आहे. टाक बदलला, तरी तेच.

२२ मार्च

तीन हजार नऊशे झाले. एकतीस तारीख गाठतो.

आज ४१ मध्ये गोळ्या द्यायला गेलो. केसर अंगणात शिंगाळ्या, विषारी काट्याचे मासे, साफ करत होती. तिची पुडी ठेवून म्हटलं, आम्ही रोग्याच्या हातच्याला शिवत नाही असं लोकांना वाटतं, तसं नाही. आणि पाटीतली एक शिंगाळी उचलून तिच्या हातात दिली. नोंदवही उघडून तारीख लिहिली तर पानावर रक्त. शिंगाळीचा काटा उजव्या करंगळीत नखाच्या मुळाशी घुसला होता. मला समजलंही नव्हतं. बाजूच्या ओट्यावर विठोबा तांडेल होता. तो म्हणाला, "शिंगाला लागला न् बोंबलला न्हाई? मानूस हाय का वल्हं?" म्हटलं, मिठागरावरची जात आहे, तांडेल, आमची कातडी मिठाने मुरलेली.

केसर मात्र माझ्या हाताकडे बघत राहिली. बराच वेळ. मग हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. पोरगी सावरते आहे. बरं वाटलं.

२३ मार्च

सकाळी उंबऱ्यावर एक चिंचोका. शेजारची पोरं असणार.

करंगळीच्या नखाच्या मुळाशी काळा डाग पडला आहे. दुखत नाही.

३१ मार्च

संपलं. चार हजार एकशे बारा. सापडलेले एकोणतीस. मुदतीत पुरं करणारा जिल्ह्यात मी एकटा. आज वही लिहायलाही हात उचलवत नाही, इतका दमलो आहे. बोटं आखडतात.

५ एप्रिल

उंबऱ्यावर दोन चिंचोके, शेजारी शेजारी ठेवलेले. लाथेने उडवले.

नलूच्या वडिलांचं पत्र. पंचवीस मे.

१३ एप्रिल

घरी जाऊन आलो. रेवसवरून करंजाला तरीत बसलो तेव्हा खारा वारा लागला आणि लहानपण आठवलं. आईने साखरपुड्याची तयारी दाखवली. माळ्यावर येसूआत्याची पत्र्याची पेटी अजून आहे. आत्या मी बारा वर्षांचा असताना वारली. बाबांची थोरली बहीण. ती मागच्या खोपीत राहायची. तिचं ताट वेगळं, लोटा वेगळा. पण मी तिलाच चिकटलेला असायचो. आई मिठाच्या आगरावर गेली की दिवसभर आत्याच्या मांडीवर, झोपायलाही तिच्याच कुशीत. तिला बोटं नव्हती, मनगटांच्या चिमट्यात धरून घास भरवायची. आम्ही विचारलं की आई म्हणायची, मिठानं बोटं खाल्ली. आजही पेटी बघून तेच म्हणाली. बिचारीने जन्मभर मीठ ओढलं.

मिठागरातल्या माणसांच्या हातापायांसाठी काही करायला हवं. नोकरी कायम झाली की यावर टिपण लिहीन.

१८ एप्रिल

चार चिंचोके. या वेळी ओळीत. सोनूबाई म्हणते पोरं नाहीत, पोरं परीक्षेत आहेत. मग कोण? म्हटलं, खार असेल. "खार ओळ लावते व्हय," म्हणाली.

१ मे

डॉक्टर तपासणीला आले. काम पाहून खूश. केसरला पाहिलं. चट्ट्याच्या कडेला तिला पीस कळायला लागलं आहे. डॉक्टर म्हणाले, "ही वेळेत सापडली. दीड-दोन वर्षं गोळ्या चुकवल्या नाहीत तर हात साबूत राहील." मी तिला म्हटलं, बघ, राग धरू नकोस, हात वाचला ना. ती म्हणाली, "व्हय. हात वाचला."

तिच्या उजव्या हातात आता एकही बांगडी नाही. डाव्यात आहेत. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, दर्याला दिल्या. डॉक्टर म्हणाले, "अरे वा, लग्न झालं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या घराचा कागद काढला.

परतताना डॉक्टरांना ४१ चा डांबरी गोल दिसला. हे काय, म्हणाले. युक्ती सांगितली, अकरा दिवस वाचले तेही सांगितलं. त्यांनी गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "खरवडून काढा. आज." पाऊण तास पत्र्याने खरवडला. रंग गेला, पण लाकडात गोल उठला आहेच.

जाताना म्हणाले, दर सहा महिन्यांनी कर्मचाऱ्यांनी एकमेकांची तपासणी करायची असते, तुमची कोणी केली? म्हटलं, इथे मी एकटाच आहे. "पुढल्या खेपेला मी करतो," म्हणाले.

सकाळी उंबऱ्यावर सात-आठ चिंचोके होते. लिहायचं राहिलं.

१४ मे

सोळाएक चिंचोके. सोनूबाई म्हणते कोणीतरी करणी करतंय. मी शिकलेला माणूस. केरात टाकले.

चहाचा ग्लास हातात फुटला. पकड बसत नाही. सायकल दुरुस्तीला टाकली, आठवडाभर चालत फिरलो, तरी मुंग्या आहेतच. दोन बोटं थोडी आत वळलेली दिसतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं. चार महिने दांडी धरून धरून तशीच राहिली असणार. लग्नानंतर विश्रांती मिळेल.

२ जून

लग्न झालं. पंचवीस तारखेला, ठरल्याप्रमाणे. आठ दिवस लिहायला सवड मिळाली नाही.

नलू मोकळी आहे. येताना दिघीच्या होडीत तिने मला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत त्या लोकांची?" म्हटलं, भीती कसली, जंतू आळशी आहे. आणि तिला सगळा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आजोबांसारखा. त्यांनाही कुठे जायचं तर पंधरा दिवस लागतात."

सोनूबाई म्हणाली, तुम्ही नव्हता तेव्हाही चिंचोके येऊन पडले, मूठभर. तिने मोजले नाहीत, चुलीत घातले.

९ जून

पाऊस धरला आहे. पहाटे उंबऱ्यावर चिंचोक्यांचा ढीग, वर सुपारीच्या विरीचं पान झाकलेलं, भिजू नये म्हणून. मी टाकायला निघालो तर नलूने पदरात घेतले. "अहो, चांगले भाजके आहेत. फोडून फासे करू, पट खेळता येईल." तिने मोजून चहाच्या डब्यात ठेवले. चौसष्ट.

नलूला माझ्या करंगळीच्या नखातला काळा डाग दिसला. नखाच्या मध्यावर आला आहे. "हा कधीचा?" म्हणाली. म्हटलं, शिंगाळी लागली होती. "जीव जाईल इतकं दुखलं असेल," म्हणाली. आठवून पाहिलं. नाही दुखलं.

२२ जून

हे नीट लिहितो. हात जमेल तेवढं.

सकाळी पुन्हा ढीग, पुन्हा पान झाकलेलं. नलू ओसरीत बसून मोजत होती. म्हणाली, "गंमत बघा. एकशे अठ्ठावीस. मागच्या वेळी बरोब्बर अर्धे होते." मी दाढी करत होतो. म्हटलं, मागच्या वेळी म्हणजे कधी? "नऊ तारखेला. आज बावीस. तेरा दिवस." आणि हसून म्हणाली, "तुमच्या आळशी जंतूसारखे."

वस्तरा खाली ठेवला. ही वही काढली आणि मागे मागे गेलो. चौदा मे. एक मे. अठरा एप्रिल. पाच एप्रिल. तेवीस मार्च, एक चिंचोका. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते मीच लिहून ठेवलं आहे.

मग डाव्या हाताने उजव्या कोपराची मागची बाजू चाचपली. चार हजार एकशे बारा माणसांची चाचपली होती. शीर दोरीसारखी लागली, सुंभासारखी जाड.

नलू विचारत होती, चहा गरम करू का?

२३ जून

येसूआत्याला मिठाने खाल्लं नव्हतं. मीठ बोटं खात नाही. सहा महिने मी लोकांच्या अंगावर पीस फिरवत हिंडलो आणि आपल्या घरातलं एक वाक्य उचलून बघितलं नाही. आईला माहीत असेल का? तिने मला त्या मांडीवर ठेवलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

वर्षाला अठ्ठावीस वेळा दुप्पट. आत्या गेली त्याला चौदा वर्षं झाली. डॉक्टर म्हणायचे की शरीर मारतही असतं, हिशेब इतका सरळ नसतो. तेवढाच आधार.

२४ जून

खडकावर गेलो. ओहोटी होती. केसर एकटी कालवं फोडत होती. मी म्हटलं, चिंचोके तू ठेवतेस.

"व्हय."

"तुला कधी कळलं?"

"शिंगाला लागला तवा. पोर झालेली बाई पन केकाटते शिंगाला लागला तर. तू लिवत बसला व्हतास." मला आजवर ती सायेब म्हणायची.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितला की. दर तेराव्याला." कोयत्याने तिने एक कालव उघडलं, आतलं तांब्यात टाकलं. "तूच बोल्लास ना, दुसऱ्यालाच आधी कलतं."

मी म्हटलं, सरळ तोंडाने सांगितलं असतंस तर मार्चमध्येच गोळ्या सुरू झाल्या असत्या. शीर वाचली असती. तीन महिने, केसर. सात वेळा दुप्पट झाला तो. माझं आता लग्न झालं आहे.

"म्हाईत हाय. मी थांबली व्हती त्याच्यासाठी." तिने मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, ते मला सहन होईना. "तू माजा हात वाचवलास न् लगीन मोडलास. मी तुजा लगीन व्हऊन दिला." पुढचं कालव हातात घेऊन म्हणाली, "आयेला बोल्लास ना तू, लगनाआधी कललं ह्ये बरं झालं. नायतर पोराची फसवनूक. तुजे बायकोची काय झाली मंग?"

मी म्हटलं, नलूने तुझं काय केलं होतं?

ती म्हणाली, "हरेश्वराने तुजा काय केलता?" आणि पाणी चढायला लागलं म्हणून तांब्या उचलून चालू लागली. उजव्या हाताने. पकड चांगली होती.

२६ जून

डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. फाडलं. कायम करण्याचा हुकूम या पंधरवड्यात निघेल असं कारकुनाने कळवलं आहे. आता कळवलं तर हुकूम थांबेल. हुकूम हातात आला की दुसऱ्या दिवशी कळवीन. तेरा दिवसांत काय होणार आहे? एकदाच तर दुप्पट.

हेच वाक्य गोळ्या चुकवणाऱ्या एका माणसाने मला म्हटलं होतं. त्याला मी चारचौघांत झापलं होतं.

२९ जून

नलूसमोर सवय करतो आहे. चहाचा पेला उजव्या हाताने उचलला की लगेच खाली ठेवायचा आणि फुंकर मारायची. काल पेला गार होता. ती म्हणाली, "अहो, हा मघाचा आहे." हसली.

करंगळीच्या नखातला डाग टोकाकडे सरकला आहे. नख महिन्याला तीन-एक मिलिमीटर वाढतं. डाग नऊ मिलिमीटर चालून आला. नख आपलं काम वेळेवर करतंय. पुढच्या महिन्यात डाग कापून टाकता येईल, मग काही खूण राहणार नाही.

डॉक्टरांनी शिकवलं होतं की शीर दाबली गेली असेल, मेली नसेल, तर ती पुन्हा वाढते, दिवसाला एक मिलिमीटर. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं. चारशे दहा. म्हणजे वर्षाहून जास्त, आज सुरू केलं तर. आज सुरू केलेलं नाही.

५ जुलै

आज तेरावा दिवस. पहाटे उठून दार उघडलं. उंबरा कोरडा, स्वच्छ. एकही चिंचोका नाही. तिचा राग शमला असावा, किंवा पावसात बाहेर पडली नसावी. दोन्हीपैकी काहीही असो, सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी टपालात हुकूम आला. एक जुलैपासून कायम. हातात घेऊन पावसातून जवळजवळ धावत घरी आलो. नलू चुलीपाशी होती. तिला दारातूनच वाचून दाखवायला लागलो. खाली लिहिलं आहे की रुजू झाल्यापासून एका महिन्यात शारीरिक पात्रतेचा वैद्यकीय दाखला सादर करावा. ते वाक्य गाळलं.

नलू म्हणाली, "ती कालवंवाली आली होती सकाळी, तुम्ही गेल्यावर. केसर ना ती? चहा दिला. बराच वेळ बसली."

म्हटलं, काय म्हणाली?

"काही नाही. गप्पच होती. मी डबा दाखवला, चिंचोके फोडून केलेले फासे दाखवले. मग म्हणाली, आता चिंचोके संपले. आणि उठताना माझ्या कानात एक सांगून गेली." नलूने चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवलं, दोन्ही हातांत फडकं धरून. "धरा हे जरा, मी पाट मांडते."

मी डाव्या हातात हुकूम धरला होता. पातेलं उजव्या हातात घेतलं, काठाखाली, नेहमीसारखं, आणि वाचत राहिलो. वेतनश्रेणी वाचली. महागाई भत्ता वाचला. वाचता वाचता लक्षात आलं की पाट मांडल्याचा आवाज आलेला नाही.

नलू तिथेच उभी होती. तिने एक बोट पुढे करून पातेल्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. बोट तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चटक्याचं की कसलं ते कळेना.

"गरम नाही लागत?" तिने विचारलं.

फुंकर मारायची सवय केली होती. तोंड उघडलंही. पातेलं अजून माझ्या हातातच होतं.